साना डोंगराखालची तळी

सन २०२३ च्या आषाढ वद्यात आम्हांस फिनलंड देशाच्या वायव्य कोपऱ्यातील किल्पिसयार्वी नामक गावी जाऊन राहण्याचा योग आला. आमचे धाकटे चिरंजीव त्या देशातील ओउलू नगरात बिनतारी यंत्रांच्या धंद्यात आहेत. चार वर्षे त्यांचा व सूनबाईंचा आग्रह चालला होता. इकडे वाड्यातील मंडळींचाही लकडा होताच; आणि थोरल्या वहिनींनी तर "भाऊजी, पाय चालताहेत तोवर जाऊन या," असे निक्षून सांगितले. तेव्हा सहकुटुंब निघालो. ओउलूस पोहोचल्यावर चिरंजीवांनी पुढ्यात नकाशा पसरला व विचारले, "बाबा, कोठे नेऊ? स्टॉकहोम, पॅरिस, का आल्प्स?" आम्ही बोट नकाशाच्या वरच्या अंगास ठेविले. सूनबाईंनी सौभाग्यवतीकडे पाहिले. सौभाग्यवतीने, हे माहेरचे दुखणे आहे अशा मुद्रेने, मान हलविली.

त्या दुखण्याचे मूळ सांगितले पाहिजे. लोकमान्य टिळकांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. आमच्या वडिलांच्या पेटीत त्याची एक जीर्ण प्रत होती. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण ऋग्वेदातील उषःसूक्तांत पुष्कळ दिवस टिकणारी पहाट वर्णिली आहे, देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष असे ब्राह्मणग्रंथ सांगतात, आणि ही लक्षणे ध्रुवप्रदेशावाचून कोठेच जुळत नाहीत, हा लोकमान्यांचा युक्तिवाद आम्ही शब्दकोश हाती घेऊन वाचला होता. आर्यांचे मूलस्थान ध्रुवाजवळ होते हा सिद्धांत आज विद्वान मान्य करीत नाहीत, आणि ज्या पुराव्यांवरून ते नाकारतात ते पुरावे आम्हांसही सबळ वाटतात. तथापि न मावळणारा सूर्य एकदा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा सिद्धांत गेला म्हणून गेली नाही.

ओउलूपासून किल्पिसयार्वी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक. प्रथम बॉथनियाच्या आखाताच्या काठाने टोर्निओ गावापर्यंत, आणि तेथून सारा वेळ नदीच्या सोबतीने उत्तरेकडे. ही नदीच दोन राज्यांची सीमा होय. डाव्या हातास पाण्यापलीकडे स्वीडन. आमच्या भूगोलाच्या पुस्तकातील एक ओळ या खोऱ्यात जन्मास आली आहे, हे आम्हांस ठाऊक असल्याने आम्ही गाडी दोनदा थांबविण्यास लाविली. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लांबट, या वादाचा निकाल लावण्यासाठी फ्रेंच पंडित मोपेर्त्युई १७३६ साली येथे आला आणि त्याने याच खोऱ्यात याम्योत्तर वृत्ताचा एक अंश मोजून ती चपटी असल्याचे ठरविले. त्याच्या मंडळीत ज्याच्या नावाने आपण आजही ताप मोजतो तो सेल्सियसही होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, येथे पाहण्यासारखे काहीच नाही." खरेच काही नव्हते. नदी, बर्चची झाडे आणि एक बंद दुकान.

परंतु त्या नदीची आणखी एक गोष्ट सूनबाईंनी गाडीत सांगितली, ती आम्हांस मोपेर्त्युईपेक्षाही अधिक भावली. टोर्निओ येथील ओलोफ आल्बोम नावाच्या व्यापाऱ्याने १६९३ साली नदीवरील बर्फ कोणत्या दिवशी फुटला याची टिपण ठेवण्यास आरंभ केला. म्हणजे शिवछत्रपतींना जाऊन तेरा वर्षे झाली होती आणि राजाराममहाराज जिंजीस वेढ्यात होते, त्या साली. त्या व्यापाऱ्यास लढाईच्या धामधुमीत गाव सोडावे लागले, पण परतल्यावर त्याने टिपण पुढे चालू केली, आणि त्याच्या पश्चात इतरांनी ती आजतागायत चालविली आहे. तीनशेतीस वर्षांची ही वही उलगडून पाहिली असता बर्फ पूर्वीपेक्षा लवकर फुटू लागला आहे, आणि यंत्रयुगापासून हा फरक अधिक वेगाने पडत आहे, असे दिसते. त्या व्यापाऱ्यास यातले काही सिद्ध करावयाचे नव्हते. त्यास केवळ नावा केव्हा सुटतील हे पाहिजे होते!

किल्पिसयार्वी हे गाव म्हणजे एका लांबट सरोवराच्या काठी विखुरलेली लाकडी घरे, एक दुकान, एक पेट्रोलचा पंप. सरोवरालाही तेच नाव. ते समुद्रसपाटीपासून ४७३ मीटर उंचीवर आहे, आणि जूनच्या मध्यापर्यंत त्यावर बर्फ असतो. गावावर साना नावाचा १०२९ मीटर उंचीचा डोंगर, एका अंगाने उतरता व दुसऱ्या अंगाने तुटलेला, असा उभा आहे. थोड्या अंतरावर फिनलंड, स्वीडन व नॉर्वे या तीन राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. हेलसिंकी विद्यापीठाचे जीवशास्त्रीय केंद्र येथे १९६४ पासून आहे. या परगण्यातील मूळचे लोक सामी. रेनडिअरांचे कळप पाळणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि ते रेनडिअर आपल्याकडील गाईंप्रमाणे रस्त्याच्या मधोमध निवांत उभे असतात.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सुमारे दोन महिने येथे सूर्य मावळत नाही. आम्ही इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो देखावा पहिल्या रात्री पाहिला, आणि लगेच एक पेच उभा राहिला. सायंसंध्या केव्हा करावयाची? सूर्य डोंगराआड जातो, तांबडा होतो, आणि मावळण्याचा विचार सोडून पुन्हा वर येतो. धर्मशास्त्रात याचा निर्णय असेलही, पण आमच्याजवळ ग्रंथ नव्हता. शेवटी "तुमच्या वाड्यातल्या घड्याळात जेव्हा दिवेलागण होते तेव्हा करा," असा निर्णय सौभाग्यवतीने दिला, व तो आम्ही शिरोधार्य मानिला.

दुसरे दिवशी सानाच्या मागील बाजूस असलेल्या सानायार्वी नामक लहान सरोवराकडे जाणाऱ्या पाऊलवाटेने निघालो. डास इतके की बोलण्यासाठी तोंड उघडणे धोक्याचे. प्रथम बर्चचे रान लागते. हे बर्च आमच्या पेरूच्या झाडाएवढेच, वाकडेतिकडे. आणि सहाशे मीटरांच्या सुमारास ते एकाएकी संपतात. त्यावर फक्त गुडघ्याएवढी झुडपे, शेवाळ, खडक, आणि खळग्याखळग्यांतून तळी. काही तळी आमच्या वाड्याच्या चौकाएवढी, काही त्याहूनही लहान. खोली पोटरीपासून कमरेपर्यंत. पाणी इतके स्वच्छ की तळच्या दगडावरील रेघा मोजाव्यात.

आमची नात दहा वर्षांची आहे. तिने पाठीवरच्या पिशवीतली काचेची बाटली काढून अशाच एका तळ्यात बुडविली व उजेडाकडे धरली. "आजोबा, पाण्यात काळे तीळ आहेत. आणि ते उड्या मारताहेत!"

खरोखरच तिळाहून लहान असे पंधरावीस काळे कण बाटलीत झटक्याझटक्याने वर चढत होते व खाली येत होते. आम्ही वाकून पाहत आहोत तोच मागून सौभाग्यवती ओरडली, "टाक, टाक ते पाणी! पिऊ नकोस हो, नारू होईल!"

नातीस नारू म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. सूनबाईंसही नव्हते. पन्नाशीच्या आतील किती वाचकांस ते ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे, आणि तसे ते नसावे हेच इष्ट. पण आमच्या घरात तो शब्द अजून जिवंत आहे. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी पायऱ्यांची विहीर होती. लोक पाण्यात उतरून घागरी भरीत. आमच्या आजोबांच्या घोट्याजवळ एका उन्हाळ्यात फोड आला, तो फुटला आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंतू डोकावू लागला. तो काडीवर गुंडाळून रोज बोट दोन बोटे ओढावयाचा. घाईने ओढला तर आत तुटतो आणि पाय पिकतो. आजोबांचा तुटला. त्यानंतर ते काठीवाचून चालले नाहीत. आम्ही त्यांस काठीशिवाय पाहिलेले नाही.

या नारूची पिले पाण्यात पडली की त्यांस सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांस जेमतेम दिसणारा एक जलचर गिळतो, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्साबरोबर नारूही जातो. वर्षाने तो पायातून बाहेर पडू पाहतो. स्मृतिकारांनी पाणी वस्त्राने गाळून प्यावे अशी आज्ञा केली आहे. तिचे कारण जीवदया म्हणून सांगत, पण ज्या घरी ती कडकपणे पाळली गेली त्या घरी नारू शिरला नाही. आजोबा एकदा परगावी, वाटेत तहान लागली म्हणून, तसेच पाणी प्याले होते. हिंदुस्थानातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला, आणि २००० साली देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ही केवढी मोठी गोष्ट झाली! पण आमच्या घरी तिची कोणी साखरही वाटली नाही. कारण तोवर नळ आले होते आणि लोक विसरले होते.

असो. सांगावयाचे ते इतकेच की पाण्यातील या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांशी आमचे पूर्वापार वैर. गाळण्याच्या फडक्यावर राहते ती घाण, असेच आम्ही समजत आलो आणि पस्तीस वर्षे मुलांस तसेच शिकवीत आलो.

तळ्याच्या पलीकडच्या काठी रबरी बूट घातलेली एक तरुण बाई लांब दांड्याची बारीक जाळी पाण्यातून ओढीत होती. ओरडा ऐकून ती आमच्याकडे आली. ती याच विषयाचा अभ्यास करणारी निघाली. सौभाग्यवतीची भीती सूनबाईंनी इंग्रजीत सांगितली तेव्हा ती हसली नाही, हे आम्हांस फार आवडले. नारू या थंडीत होत नाही, असे तिने सांगितले, आणि नंतर म्हणाली की आजीबाईंनी ओळखले मात्र बरोबर. हे सायक्लॉप्साचेच लांबचे भावंड आहे. तिने खिशातून भिंग काढले, बाटलीतील एक कण काचेच्या लहानशा ताटलीत घेतला आणि आम्हांस दाखविला.

वाचकहो, भिंगाखाली जे दिसले त्याचे वर्णन आम्ही आजवर चार वेळा लिहून फाडले आहे. यास इंग्रजीत पाण्यातील पिसू म्हणतात; शास्त्रीय नाव डॅफ्निया. आपण पाणपिसू म्हणू. पिसवेशी तिचा संबंध उडीपुरता. नात्याने ती खेकडा व कोळंबी यांच्या कुळातली. देह दोन मिलिमीटरांचा, दोन्ही बाजूंनी चपट्या शिंपल्यात बसविलेला. डोक्यात एकच मोठा काळा डोळा, आणि तो सारखा थरथरतो. डोक्याच्या बाजूंस फांद्या फुटलेले दोन हात. त्यांनी पाणी मारले की ती उडी घेते. पोटाखालचे पाय कवचाच्या आत अखंड हलतात, पाण्याचा प्रवाह आत ओढतात व त्यातील शेवाळाचे कण गाळून घेतात. म्हणजे जिला आम्ही गाळून टाकीत होतो ती स्वतः आयुष्यभर पाणी गाळण्याचेच काम करीत असते! पाठीच्या वरच्या अंगास हृदय. ते आम्ही धडधडताना पाहिले. हृदयाच्या मागे पाठीवरच एक पोकळी, आणि तीत पाच अंडी. नर लागत नाही. आई आपल्यासारख्याच मुली निर्माण करिते. नातीने हे ऐकून आपल्या वडिलांकडे फार सूचक दृष्टीने पाहिले.

पण ही काळी का? ओउलूजवळच्या डबक्यांतील पाणपिसू काचेसारखी पारदर्शक असते, असे नातीनेच सांगितले. शाळेत त्यांस दाखविली होती. संशोधिकेने आकाशाकडे बोट केले. येथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तळे उथळ, म्हणून खोल जाऊन लपण्यास जागा नाही. पाणी निर्मळ, म्हणून सूर्याचे अतिनील किरण थेट तळापर्यंत पोहोचतात. त्या किरणांनी एवढासा उघडा जीव भाजून निघावयाचा. म्हणून ती आपल्या कवचात काळा रंग भरते. हा रंग मेलॅनिन. आमच्या कातडीत जो आहे तोच. येथील एका जातीचे शास्त्रीय आडनावच 'उम्ब्रा' आहे. लॅटिनमध्ये उम्ब्रा म्हणजे छाया. हा शब्द ऐकून आम्ही आमच्या हातातील काळ्या छत्रीकडे पाहिले, आणि या भाषाभगिनींच्या गोष्टी काढण्याचा मोह कष्टाने आवरिला.

ही छत्री फुकट मिळत नाही. पाणपिसू वाढताना वारंवार कात टाकते, आणि कातीबरोबर रंगही जातो. मग नव्याने करावा लागतो. त्यात शक्ती खर्च होते व वाढ मंदावते. नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाचे डॅग हेसेन यांनी हा जमाखर्च पुष्कळ वर्षे तपासला आहे. आणि याच किल्पिसयार्वीच्या तळ्यांत मिला राउतिओ व आत्ते कोरहोला या फिनिश अभ्यासकांनी, पाणी जितके निर्मळ तितकी पाणपिसू अधिक काळी, असे २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. काळ्या रंगाची दुसरीही किंमत आहे. निर्मळ पाण्यात काळा कण माशास चटकन दिसतो. ज्या तळ्यात मासा आहे तेथे हिचा निभाव लागत नाही. मग ही येथे कशी? तर हिवाळ्यात ही उथळ तळी तळापर्यंत दगडासारखी गोठतात. मासा त्यात जगत नाही. पाणपिसूही जगत नाही, पण तिची अंडी जगतात.

या अंड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे आम्हांस आमचे गाव आठवले. थंडीची चाहूल लागली की पाणपिसू निराळी अंडी घालते. ती जोडीने एका जाड काळ्या डबीत बंद असतात. डबीचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून ग्रीक भाषेतले तिचे नावही खोगिरावरूनच पडले आहे. डबी चिखलात पडते, गोठते, वाळते, पक्ष्यांच्या पायांस चिकटून दुसऱ्या तळ्यास जाते. नॉर्वेचे गेओर्ग ओसियन सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून मागविलेल्या वाळक्या चिखलावर घरी पाणी ओतून त्यातून जिवंत प्राणी निर्माण केले, आणि त्यांवरील निबंध १८८५ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत मिनेसोटा संस्थानातील एका सरोवराच्या गाळातून सुमारे ७०० वर्षांपूर्वीची अंडी काढून ती उबविण्यात आल्याचे २०१४ साली जाहीर झाले. ज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीनंतर थोड्याच काळात घातलेले अंडे काल फुटले, असे म्हणावे!

आमच्या गावच्या वरच्या पठारावर श्रावणात खडकांच्या खळग्यांतून पाणी साचते, आणि त्यात पोट वर करून, उताणे पोहणारे बोटाच्या पेराएवढे नाजूक किडे आम्ही लहानपणी पाहत असू. दिवाळीनंतर खळगे कोरडे. वैशाखात त्या खडकावर पाय भाजतो. तरी पुढल्या पावसात किडे हजर. ते कोठून येतात हे गुरुजींना विचारले तेव्हा "ढगातून" असे उत्तर मिळाले होते, आणि पुढे आम्ही गुरुजी झाल्यावर आम्हीही तेच दिले असते. तेही याच कवचधारी वर्गातले. त्यांची अंडी उन्हाळाभर धुळीत असतात. सह्याद्रीच्या पठारांवरील त्यांच्या एका जातीस २०१४ साली 'स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस' असे नाव मिळाले आहे. आमच्याकडील अंडे उन्हास टिकते, इकडील हिमास. संशोधिकेस आम्ही हे सांगितले तेव्हा तिने आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले. निवृत्त शिक्षकास याहून मोठा बहुमान नाही.

मग ती आम्हांस वाटेने थोडे खाली, बर्चच्या रानातील एका तळ्याशी घेऊन गेली. हे पाणी चहाच्या रंगाचे होते. झाडांचा पाला व मुळांखालची माती यांचा अर्क पावसाबरोबर उतरतो आणि पाणी तपकिरी करितो. या तपकिरी पाण्यात अतिनील किरण वरच्यावर अडतात. नातीने दुसरी बाटली भरली. यातल्या पाणपिसवा फिकट, जवळजवळ पारदर्शक. दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या तेव्हा एका बाटलीत तीळ आणि दुसरीत राजगिरा असे दिसले. दोन तळ्यांत अर्ध्या तासाची चाल. मधे झाडांची ती रेषा.

"ही रेषा वर सरकते आहे," ती म्हणाली.

तिने पुढे जे सांगितले ते तिच्याच क्रमाने देतो. १९७९ नंतरच्या चार दशकांत उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे फिनलंडच्याच हवामान संस्थेतील अभ्यासकांनी २०२२ साली दाखवून दिले. उष्मा वाढला की झुडपे व झाडे वर चढतात, माती अधिक काळ उघडी राहते, आणि वरच्या तळ्यांत तपकिरी अर्क उतरू लागतो. उत्तर युरोपातील पुष्कळ सरोवरांचे पाणी गेल्या काही दशकांत तपकिरी झाले आहे. मात्र त्याचे सारे खापर उष्म्यावर फोडता येत नाही, असे तिने आपण होऊन बजाविले. कारखान्यांच्या धुरामुळे पडणारा आम्लयुक्त पाऊस कायद्याने कमी झाला, त्यामुळेही मातीतील अर्क पूर्वीपेक्षा अधिक सुटतो. म्हणजे एक रोग बरा झाल्याचेही ते लक्षण आहे. हा खुलासा तिने केला नसता तर आमचा तिच्यावर अर्धाच विश्वास बसला असता.

पाणी तपकिरी झाले की छत्रीचे काम उरत नाही, पण खर्च मात्र उरतो. मग फिकट व झपाट्याने वाढणाऱ्या पाणपिसवा पुढे सरसावणार, असे अनुमान आहे. हिवाळा सौम्य झाला आणि एखादे तळे तळापर्यंत गोठेनासे झाले, तर ओढ्यावाटे आलेला मासा तेथे टिकू शकेल. ज्या थंडीस आपण शत्रू समजतो ती या काळ्या जीवाच्या गडाची तटबंदी होती, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. आणि जी तळी फारच उथळ आहेत त्यांचे काय व्हावयाचे ते कॅनडाच्या अतिउत्तरेस दिसून चुकले आहे. एल्समीर बेटावरील हर्शेल भूशिराजवळची तळी मेरिअन डग्लस आणि जॉन स्मॉल हे दोघे १९८३ पासून पाहत होते. त्यांखालच्या गाळावरून ही तळी हजारो वर्षे अखंड असल्याचे दिसत होते. २००६ च्या जुलैत ते गेले तेव्हा त्यांतील काही पूर्णपणे आटली होती. आपल्याकडे तळे आटणे ही बातमी नव्हे. तेथे ती आहे.

हे गाळाचे शास्त्रही अद्भुत आहे. आम्ही त्या दिवशी शेवटी सानायार्वीच्या काठी पोहोचलो. सरोवर लहान, पण २४ मीटर खोल, आणि त्या वेळी आरशासारखे स्तब्ध. त्याच्या तळातून गाळाची उभी कांडी काढतात. प्रतिवर्षी मेलेल्या पाणपिसवांची व त्यांच्या बहिणींची कवचे आणि सूक्ष्म शेवाळांची गारेची टरफले थरावर थर साचलेली असतात. ती भिंगाखाली मोजून कोणत्या काळी सरोवरात कोण राहत होते हे सांगता येते. उत्तरेकडील अशा ५५ कांड्यांचा एकत्रित विचार २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेकांत, शतकानुशतके फारसा फरक न पडलेली वस्ती, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे बदलू लागलेली आढळते. टोर्निओच्या व्यापाऱ्याने वर कागदावर जे लिहिले, तेच खाली गाळात लिहिले जात होते.

आम्ही विचारले, "मग हा जीव नाहीसा होणार काय?" तिने लगेच मान हलविली नाही. डॅफ्नियाचे कूळ नाहीसे व्हावयाचे नाही, ते जगभर आहे. उष्म्याने शेवाळ वाढेल, कदाचित संख्याही वाढेल. परंतु या तळ्यातील ही काळी, जिचा सारा संसार थंडी, उजेड व निर्मळ पाणी या तीन गोष्टींवर बेतलेला आहे, तिला वर सरकण्यास जागा नाही. साना १०२९ मीटरांवर संपतो.

परतीच्या वाटेवर चिरंजीव आमच्या बरोबरीने चालत होते. पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, "बाबा, तुम्ही मुंबईहून आलात त्या विमानाचा धूरही यात आहे. आम्ही दर वर्षी गणपतीला येतो त्याचाही." आम्ही म्हटले, "मग येऊ नका असे म्हणतोस?" ते म्हणाले, "तसे नाही म्हणत." आम्हांसही याचे उत्तर देता आले नाही. घरातील तीन पिढ्या दोन खंडांत वाटल्या गेल्या आहेत. त्यांनी एकमेकांस भेटावे की नाही, हा प्रश्न असा एका तळ्याच्या काठी पुढे येईल असे वाटले नव्हते. वहिनींस पत्र लिहिताना हा भाग आम्ही गाळला.

मुक्कामी पोहोचल्यावर सौभाग्यवतीने मुगाची खिचडी टाकिली. नातीने दोन्ही बाटल्या खिडकीत ठेविल्या होत्या. काळ्या पाणपिसवा ओउलूस नेऊन शाळेत दाखवावयाच्या असा तिचा बेत होता. आमचा विचार निराळा. जेथून आणिले तेथेच परत सोडावे, आणि एका तळ्यातले दुसऱ्यात मिसळू नये, असे संशोधिकेने निघताना सांगितले होते. मुलगी रडकुंडीस आली. सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या ना बाबा, पंधरावीस तर आहेत."

याच वेळी सौभाग्यवती चुलीपासून उठली, बाटली उजेडात धरून तिने बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, "अहो, हिच्या पाठीवर पिले आहेत." मग पदराला हात पुसून तिने पायांत बूट घातले.

रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि ऊन चांगले पिवळे होते. आजी आणि नात पुढे, आम्ही छत्री घेऊन मागे, असे पुन्हा ती चढण चढलो. बर्चच्या रानात फिकट पाणपिसवांची बाटली रिती केली आणि झाडांची रेषा ओलांडून वरच्या तळ्याशी आलो. नातीने दुसरी बाटली पाण्यात आडवी धरली. काळे कण एकेक करून बाहेर पडले. एक तेवढी काचेस चिकटून राहिली, तेव्हा सौभाग्यवतीने ओंजळीत पाणी घेऊन बाटली विसळली, आणि ते पाणी, न गाळता, तळ्यात ओतले.